चौथीचा इतिहास, मथुराबाईंची प्रत

आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी शेवटपर्यंत वाट बघत बसायला नको. मथुराबाईंचं पुस्तक मिळालं नाही. त्यातली चार पानं मिळाली. बाकीचं पुस्तक आमच्या बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या लोकांनी मावा-जलेबीबरोबर घरी नेलं आणि त्याला बोटं पुसून फेकून दिलं.

हे माझ्यामुळे झालं. याबद्दल गल्लीत दोन मतं नाहीत. एरवी आमच्या गल्लीत ताप्तीला आलेलं पाणी चढतंय की उतरतंय यावरही, घाटाच्या पायरीवर उभं राहून, चार मतं असतात. पण शोभाने पुस्तकं घालवली, हे सगळ्यांना एकदम मान्य झालं. माझ्या आईलासुद्धा. आईला तर सगळ्यांच्या आधी.

आमच्या गल्लीत चौथीचा इतिहास कुणी विकत घेत नाही. तो उतरतो. चैत्रात निकाल लागला की चौथी पास झालेलं पोर आपलं पुस्तक तिसरी पास झालेल्या पोराच्या घरी नेतं. पुस्तकावर हळदकुंकू, वर एक सुपारी, आणि घेणाऱ्याने ते कपाळाला लावायचं. पहिल्या कोऱ्या पानावर आधीच्या सगळ्यांची नावं असतात, त्यांच्याखाली आपलं नाव लिहायचं. आमच्या घरच्या प्रतीवर माझं नाव सहावं आहे. म्हणजे, होतं. गल्लीत अशा पाच प्रती होत्या, सगळ्या नागपूरला छापलेल्या. कडूकाकांच्या प्रतीला पहिली आठ पानं नव्हती, त्यामुळे त्यांच्या घरातल्या कुणालाच इतिहास कुठून सुरू होतो हे ठाऊक नव्हतं. आमच्या प्रतीत पानिपतावर चहा सांडला होता.

आणि पाचवी मथुराबाईंची. मथुराबाई आमच्या समोर राहतात. पापड लाटून देतात. मुलगा सुकलाल इथल्याच लालबागच्या गिरणीत आहे, मुलगी आशाबाई मलकापूरला दिलेली. सुकलाल चौथी होऊन बारा वर्षं झाली, पण त्यांच्या घरचं पुस्तक कधी पुरतं उतरलंच नाही. त्या ते पोरांना द्यायच्या, पण फक्त दिवसा. "ने, वाच. दिवेलागणीले परत." लाल फडक्यात बांधून द्यायच्या आणि लाल फडक्यात मोजून... नाही, मोजून काय, पुस्तक एकच, पण तशाच नजरेने परत घ्यायच्या. कडूकाका म्हणायचे, "अहो मथुराबाई, पुस्तक आहे का गाय? रोज सांजेला गोठ्यात परत यायला?" सगळे हसायचे. मीही हसायचे. मी तर जरा जास्तच.

आता माझ्याबद्दल दोन शब्द. दोनच.

गेल्या जुलैपर्यंत मी वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा अडखळायचे. ऑगस्टमध्ये शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत बाईंनी कुणी मिळेना म्हणून माझं नाव घातलं, आणि मी व्यासपीठावर चढले, आणि काय झालं कोण जाणे, मला थांबताच येईना. पहिलं बक्षीस मिळालं. त्या दिवसापासून मी थांबलेलीच नाही, असं आमचे बाबा म्हणतात. गल्लीतल्या सगळ्या बायकांची पत्रं मीच लिहायला लागले. मथुराबाईंची आशाबाईला जाणारी पत्रंही मीच लिहायचे. त्या दोन वाक्यं सांगायच्या, मी त्याची दोन पानं करायचे. 'तुझ्या आठवणीने माझा कंठ दाटून येतो' वगैरे माझंच. मथुराबाई म्हणायच्या, "मी असं कुठं म्हटलं व पोरी?" मी म्हणायचे, "मावशी, तुम्हाला म्हणायचं होतंच." मग विहिरीवर आशाबाईची सासू कशी आहे ते सगळ्यांना सविस्तर सांगायचे. साहित्य लोकांपर्यंत पोचलं पाहिजे, असं माझं तेव्हा प्रामाणिक मत होतं.

तर छप्पन साली दिवाळीच्या साफसफाईतच आमचं राज्य बदललं. गंमत म्हणजे नाव तेच राहिलं, मध्यप्रदेश. पण राजधानी नागपूरची भोपाळ झाली, वऱ्हाड सगळा मुंबई राज्यात गेला, आणि वरून ग्वाल्हेर, इंदूर, रीवा असं काय काय येऊन चिकटलं. बाबा कचेरीत कारकून आहेत (कोणत्या कचेरीत ते लिहायची मला मनाई आहे). ते संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, "आज दिवसभर कागदांवरचं नागपूर खोडून भोपाळ लिहिलं. हात भरून आला."

मी शारदाचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, चौथीचा इतिहास उघडला. पहिलंच वाक्य, 'आपली राजधानी नागपूर होय.' मी शारदाला म्हटलं, "हे पुस्तक मेलं."

ती रडायला लागली. चार महिन्यांत तिने एकोणचाळीस पानं पाठ केली होती.

"रडू नकोस," मी म्हटलं. "मी नवं करते."

बस. एवढंच. बाकी सगळं या तीन शब्दांतून निघालं.

माझी योजना अशी होती. कडूकाकांच्या ओट्यावर गल्लीतल्या पोरांसाठी बाल-इतिहास मंडळ. त्यात नव्या राज्याचा मोठा रंगीत नकाशा, असीरगडाची पुठ्ठ्याची प्रतिकृती, आणि मी स्वतः लिहिलेला, बुऱ्हाणपूरपासून सुरू होणारा इतिहास. जुन्या पुस्तकात आमच्या गावाला दीड ओळ होती. दीड! जिथे मुमताजबेगम वारली, जिथे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या कुंड्या आहेत, त्या गावाला दीड ओळ, आणि त्यातली अर्धी पुढच्या पानावर.

पण कागद, पुठ्ठे, रंग आणायचे कुठून? कडूकाका रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत आणि सल्ला देण्यातून होणार नाहीत. ते म्हणाले, "देख शोभा, भाईदासच्या दुकानात मालाबरोबर खोकी येतात, कोरे कागद येतात. त्याला पुड्या बांधायला रद्दी लागते. रद्दी दे, पुठ्ठे घे. सीधी बात."

"रद्दी कुठून आणू?"

"तूच म्हणतेस ना जुने इतिहास मेले म्हणून?"

मी सांगते, त्या क्षणी मला कडूकाका थोर वाटले होते. आता ते म्हणतात, "मी फक्त विचारलं होतं. देनेवाली तू."

दुसऱ्या दिवशी मी शारदाला आणि तिच्या वर्गातल्या सहा पोरांना घेऊन घरोघर गेले. आमची प्रत पहिली टाकली, त्यागाचा आदर्श म्हणून. कडूकाकांची बिनसुरुवातीची प्रत आली. आणखी दोन आल्या. मग मथुराबाई.

त्या अंगणात पापड वाळत घालत होत्या. मी चपला काढून आत गेले. आवाज व्यासपीठावरचा लावला.

"मावशी, जुने इतिहास जमा करायचे आहेत. नवं राज्य आलं ना."

"पर आमचं गाव तं इथंच हाये," त्या म्हणाल्या. "कायले जमा करता?"

"सरकारचा हुकूम आहे."

हे मी बोलले. तोंडातून सरळ निघालं, अडखळले नाही. अडखळायची सवय ऑगस्टमध्येच गेली होती ना.

मथुराबाई आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मग लाल फडकं घेऊन आल्या, गाठ सोडली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. मी ते चाळलं. सगळ्या पोरांच्या समोर, लक्षात घ्या. पानापानाच्या समासात पेन्सिलीने वेडीवाकडी अक्षरं काढलेली. कुठे मोठी, कुठे बारकी, कुठे कलंडलेली.

"शी!" मी म्हटलं. "सुकलालदादाने काय घाण करून ठेवलंय पुस्तक! हे तर रद्दीतच जायच्या लायकीचं आहे."

पोरं हसली.  मथुराबाईंनी फडक्याची घडी घातली, परत घडी घातली, आणि ती सुपारीएवढी होईपर्यंत घालतच राहिल्या.

भाईदासशेठनी पुस्तकं तराजूत टाकली. "बेटी, ये तो बहुत पतला इतिहास है," ते म्हणाले. पण पुठ्ठे दिले, आणि एका बाजूने कोरे असे कागद दिले.

पुढचे दोन महिने मी जगातली सर्वांत सुखी मुलगी होते. सर्वांत त्रस्तही. इतिहास लिहिणं सोपं नाही, विशेषतः ज्यांचे पूर्वज त्यात नाहीत ते लोक शेजारी राहत असतील तर. कडूकाकांचं म्हणणं, जमिनीखालच्या पाण्याच्या कुंड्या खणणाऱ्यांत त्यांचे पणजोबा होते. मी म्हटलं, "काका, कुंड्यांना साडेतीनशे वर्षं होत आली." ते म्हणाले, "मग पणजोबांचे पणजोबा. तू लिही, गिनती बाद में." ओटा त्यांचा होता. मी लिहिलं. ते कळल्यावर पलीकडच्या गल्लीतून माणसं आपापले पूर्वज घेऊन यायला लागली. कुणाचे आजोबा असीरगडावर तोफेला बत्ती द्यायचे, कुणाच्या आजीने मुमताजबेगमला औषध दिलं होतं. मी विचारलं, "मग ती गेली कशी?" त्या घरच्यांनी अजून आमच्याशी बोलणं ठेवलेलं नाही.

नकाशा तर त्याहून वाईट. नव्या राज्याचा नकाशा बुऱ्हाणपुरात कुणाकडेच नव्हता. मी वर्तमानपत्रातल्या एका चित्रावरून, जे आगपेटीएवढं होतं, चार पुठ्ठे जोडून दारापेक्षा उंच नकाशा काढला. आमचं गाव अगदी खाली, कोपऱ्यात आलं. कडूकाका म्हणाले, "जरा वर सरकव की." आई म्हणाली, "एवढं मोठं राज्य आणि आपण उंबऱ्यावर." मथुराबाईही एक दिवस बघायला आल्या. लांबच उभ्या राहिल्या.

"माझी आशा कुठं हाये याच्यात?"

"मलकापूर आता मुंबई राज्यात, मावशी. ते नकाशात येत नाही."

"तरी कुठं?"

मी पुठ्ठ्याच्या बाहेर, भिंतीवर बोट ठेवलं. "इथे."

"इथं तं पोपडा निघेल हाये," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मग बाबा घाबरले. त्यांना कुणीतरी विचारलं, की तुमची मुलगी राज्याच्या सीमा ठरवते म्हणे? बाबा घरी येऊन पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर चल. रीतसर परवानगी घेऊ." झालं. मी बाबांच्या कचेरीत अर्ज केला. मराठीत होता म्हणून परत आला. हिंदीत केला. 'महोदय'च्या जागी 'श्रीमान' हवं होतं म्हणून परत आला. तिसऱ्यांदा साहेबांनी वाचला आणि विचारलं, "नक्शा कहाँ है? बिना देखे कैसे अनुमति दें?" तेव्हा मी आणि बाबांनी तो चार पुठ्ठ्यांचा नकाशा डोक्यावर धरून भर बाजारातून नेला. बाबा ग्वाल्हेरच्या बाजूला, मी बस्तरच्या. वाऱ्याने मधोमध दुमडायला लागला की बाबा ओरडत, "शोभा, जबलपूर धर!" शहरातल्या निदान दोनशे माणसांनी ते पाहिलं. बाबांनी त्यानंतर आठवडाभर मागच्या गल्लीने कचेरी गाठली.

साहेबांनी नकाशा फार वेळ बघितला. मग शिपायाला सांगून भिंतीला टेकवला. "ऐसा है," ते म्हणाले, "हमारे पास अभी तक नया नक्शा आया नहीं। ये यहीं रहने दो।"

"आणि परवानगी?"

"नक्शा तो अब तुम्हारे पास है नहीं। अनुमति किस चीज़ की?"

माझा नकाशा अजून तिथे आहे. त्यावर माझं नाव नाही. बाबा रोज त्याच्यासमोर बसतात.

तरीही जानेवारीत मंडळ सुरू झालं. नकाशाविना. असीरगड होता, पण त्याची खळ उंदरांना आवडली होती, त्यामुळे तो वरून शाबूत आणि आतून पोकळ असा होता. कडूकाका म्हणाले, "इतिहासाला धरूनच आहे." माझं बत्तीस पानी पुस्तक मखमली कापडात गुंडाळून ठेवलं होतं. लीलाधर गुरुजी, प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक, नारळ फोडायला आले. नारळ फुटला, टाळ्या वाजल्या. मी भाषण केलं. जुना इतिहास कसा मेला आणि नवा कसा जन्मला, यावर पंधरा मिनिटं बोलले.

गुरुजी ऐकून घेतात. हा त्यांचा गुण आहे आणि त्या दिवशी तो फार वाईट ठरला. माझं संपल्यावर त्यांनी खिशातून कागद काढला.

"फार छान," ते म्हणाले. "आता एक सूचना. नवी पुस्तकं तयार व्हायला अवकाश आहे असं कळवण्यात आलंय. तेव्हा यंदा चौथीची परीक्षा जुन्याच पुस्तकावर होईल. सगळ्यांकडे आहे ना?"

गल्लीत सात पोरं चौथीला होती. सातही जणांनी माझ्याकडे बघितलं. मग सात आयांनी.

मी त्यानंतर काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी धावत भाईदासशेठकडे गेले. ते म्हणाले, "वो तो उखर्डू ले गया. कागज मोटा था, जलेबी के लायक." उखर्डूचं दुकान चौकात आहे. गेले. उखर्डू कढईसमोर बसला होता, आणि त्याच्या उजव्या हाताला, तारेत ओवलेला, आमचा इतिहास लटकत होता. जाडी पुस्तकाएवढी नव्हती. निम्म्याहून कमी.

"दादा, हे द्या."

"कागद विकत नही मी. जलेबी घे, कागद येईल."

मी रडले. मी वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळवलेली मुलगी चौकात रडले. तेव्हा त्याने तार काढून दिली. पण जे विकलं गेलं होतं ते गेलं होतं, आणि ते शोधायचा एकच मार्ग होता. ज्याच्या त्याच्या घरी जाऊन विचारायचं, "तुमच्याकडे जलेबीचा कागद आहे का?" आम्ही आठ जणी-जणं पंधरा दिवस हेच करत होतो. लोकांनी काय काय दिलं! चिवड्याचे कागद, हिशेबाचे कागद, कुणाची तरी कुंडली. एका आजीने नुसतीच जलेबी दिली.

आलेल्या पानांना तूप लागलेलं होतं. तुपाने कागद आरपार होतो. त्यामुळे एका बाजूने प्लासीची लढाई वाचायला घेतली की मागून अहिल्याबाईंचे घाट दिसायचे, आणि शारदाने एका उत्तरात दोन्ही मिसळून लिहिलं. मुंग्यांनी पानं वाहून नेऊ नयेत म्हणून आम्ही ती पाण्याच्या परातीत ठेवलेल्या पाटावर रचली होती. पाच प्रतींची पानं जमवून, खळीने चिकटवून, एक अखंड आणि एक लंगडी अशा दोन प्रती झाल्या. सात पोरं पाळीपाळीने वाचायची. गल्लीतल्या सगळ्या अभ्यासाला मार्चपर्यंत जलेबीचा वास होता.

(माझं बत्तीस पानी पुस्तक मी उखर्डूला बदली म्हणून द्यायला नेलं होतं. त्याने उघडलं, बोट ओलं करून ओळीवरून फिरवलं, आणि परत दिलं. "याची शाई जलेबीले लागते," म्हणाला. मला तेवढा अपमान कचेरीतही वाटला नव्हता.)

पानं लावताना मला ती चार पानं सापडली. समासात पेन्सिलीची वेडीवाकडी अक्षरं. मी ओळखली. सुकलालदादाची घाण. चिकटवायला बाजूला ठेवली आणि सहज वाचली.

नवव्या पानावर नुसतं 'म म म म', आणि खाली 'मथुरा मथुरा मथुरा', बारा-पंधरा वेळा. शेवटचं 'मथुरा' जवळजवळ सरळ.

मला अजून कळलं नव्हतं. पोरगा झाला तरी आईचं नाव लिहील, असं मी स्वतःला सांगितलं.

शाहजहानच्या पानावर, त्याच्या नावातल्या 'शा'शेजारी, 'आशा' होतं. खाली जरा लहान, 'चि. सौ. आशास.'

पुढच्या पानावर, 'हे पत्र माझ्या हातचं हाये.'

आणि सत्त्याहत्तराव्या पानावर, अगदी कडेला, शेवटची अक्षरं खाली वळवून, 'शोभीले सांगितलं की गल्लीले कळतं म्हणून.'

बाकीची पानं मी सगळी उलटीपालटी केली. वाचता वाचता पानांवरच झोपलेल्या शारदाला उठवून तिच्या अंगाखालचीही बघितली. चारच होती.

मी ती चार पानं कोऱ्या कागदात घालून समोर गेले. ऊन होतं, मथुराबाई पापड उलटत होत्या. मी भाषण तयार केलं होतं. पाठही केलं होतं. अंगणात पाय ठेवला आणि अडखळले.

"मावशी, हुकूम... सरकारचा हुकूम नव्हता."

"मले ठाऊक हाये," त्या म्हणाल्या. "सरकारी माणूस बाहीरूनच आवाज देते. तू चपला काढून आत आलती."

"मग दिलंत कशाला?"

त्यांनी एक पापड उलटला. दुसरा उलटला.

"तू पोराइसमोर म्हणली ना, घाण हाये म्हणून. मले वाटलं, जाऊ दे. कोणी वाचाच्या आधी गेलेलं बरं."

मी पानं पुढे केली. त्यांनी हात पदराला पुसले, एकेक पान उन्हाकडे धरून बघितलं. तुपामुळे अक्षरं मागून उलटी दिसत होती. 'आशास' वर त्यांचं बोट थोडा वेळ थांबलं.

"वाचलं तू?"

खोटं बोलायची मला सवय होती. त्या दिवशी जमलं नाही. "हो."

"मंग विहिरीवर सांगून आली असशील."

"नाही, मावशी. शप्पथ नाही."

त्या हसल्या. म्हणजे, ओठ हलले.

"मी तुम्हाला शिकवते," मी म्हटलं. घाईघाईत, एकामागून एक. "रोज संध्याकाळी येते. दुसरं पुस्तक आणते, लंगडी प्रत आहे, ती परीक्षा झाली की तुम्हालाच. नाहीतर मी नवं लिहून देते, मोठ्या अक्षरात, समास रुंद सोडून. अक्षरं सगळीकडे तीच असतात, मावशी."

"तुले असतील," त्या म्हणाल्या. "मले तं 'शा' शाहजहानपाशी सापडे, 'त्र' छत्रपतीपाशी. जे अक्षर जिथं सापडलं तिथंच लिहू. रोज दिवा लावला की एक. सात वरीस लागले." मग पानांची घडी घालून म्हणाल्या, "आता कुठं शोधत बसू? डोळेबी नही ऱ्हायले."

पोरं पास झाली. सातही. शारदाला इतिहासात बावीस मार्क मिळाले, प्लासीच्या घाटासकट. चैत्रात दोन्ही प्रती हळदकुंकू लावून उतरल्या, आणि कोऱ्या पानावर, ते पान नव्हतंच म्हणून मी चिकटवलेल्या कागदावर, नावं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. लोकांनी मला माफ केलं. आमच्या गल्लीत लोक माफ करतात आणि मग वर्षभर त्याची आठवण करून देतात. अजूनही उखर्डू मला बघितलं की विचारतो, "इतिहास देऊ का पावशेर?"

मी शब्दाप्रमाणे पुस्तक लिहायला घेतलं. अख्खं, मोठ्या अक्षरात, बोटभर समास सोडून. मेमध्ये पुरं झालं. मथुराबाईंनी ते कपाळाला लावलं, लाल फडक्यात बांधलं आणि फळीवर ठेवलं. मी कधीमधी काही निमित्त काढून जाते आणि गाठ सोडून बघते. समास कोरे आहेत.

परवा त्या पोस्टकार्ड घेऊन आमच्याकडे आल्या. आई आत होती, ओट्यावर मी एकटीच होते. त्या बसल्या.

"लिही. आशाले आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल."

मी लिहिलं. थांबले. आता मी आपल्या मनाचं काही घालत नाही.

"पुढे, मावशी?"

"बस."

"एवढंच? अख्खं कार्ड कोरं आहे."

"बाकीचं मी लिहिलं होतं," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

मी कार्ड उलटून मलकापूरचा पत्ता घातला आणि पेटीत टाकून आले. विहिरीवर बायकांनी विचारलं, काय लिहिलं गं मथुराबाईंनी लेकीला? मी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.